डबा भरलेलाच का परत येतो? : शाळकरी पोरांची झोप आणि भूक

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली भाषा फारशी बदललेली नाही.)

नागपूरच्या महालातून बोलतेय. आज आपण डब्याबद्दल बोलणार आहोत. शाळेच्या डब्याबद्दल.

सकाळी साडेसहाला गांधीगेट ते बडकस चौक हा रस्ता पाहिलाय का कधी? बाजार बंद असतो, पण ऑटो आणि शाळेच्या व्हॅन सुरू झालेल्या असतात. आत कोंबलेली पोरं, त्यातली अर्धी डोळे मिटून. तीच पोरं दुपारी परत येताना पाहा. हातात पाच-दहा रुपयांचं चिप्सचं पाकीट, नाहीतर ठेल्यावरचा आलुबोंडा. आणि दप्तरात? सकाळी आईनं पाचला उठून केलेली पोळी-भाजी. जशीच्या तशी.

मग घरोघरी एकच संवाद. "डबा काऊन नाही खाल्ला रे?" "भूकच नव्हती." "मग चिप्स खायला बरी भूक होती!" आणि शेवटी शिक्का बसतो: नखरे करते, लाडावून ठेवलंय, जिभेचे चोचले आहेत.

माझं आजचं म्हणणं असं आहे की ते पोरगं बहुतेक वेळा खरं बोलत असतं. सकाळी त्याला खरंच भूक नसते आणि दुपारी खरंच तळलेलं, खारट, गोडच पाहिजे असतं. याचा मोठा भाग आदल्या रात्रीच ठरतो. ही रात्र कशी जाते, यात तुमचा-माझाही हात आहे. तुमचा-माझा म्हणजे घरातल्या ताई-दादांचा, काका-आत्यांचा. त्यावर शेवटी येते.

भुकेचं घड्याळ

आपण समजतो, पोट रिकामं झालं की भूक लागते. तेवढंच नसतं. भुकेचा निरोप नेणारी रसायनं शरीरात असतात. त्यातली दोन लक्षात ठेवा. एक लेप्टिन, जे १९९४ मध्ये सापडलं. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला सांगतं, "साठा आहे, आता पुरे." दुसरं घ्रेलिन. ते जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. ते जठरातून निघतं आणि सांगतं, "आण, अजून आण."

२००४ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. त्यांचं सरासरी वय २२. म्हणजे तुमच्याच वयाचे. त्यांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि दुसऱ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली आलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर गेलं, आणि भूक २४ टक्क्यांनी वाढली. सगळ्यात जास्त ओढ कशाची वाढली? गोड, खारट आणि पिठाळ पदार्थांची. रात्री जागून अभ्यास केल्यावर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कचोरीच का आठवते, त्याचं उत्तर इथं आहे.

हे झालं मोठ्यांचं. पोरांचं काय? अमेरिकेत ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांवर असाच एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापून आला. एक आठवडा मुलांना नेहमीपेक्षा दीड तास जास्त वेळ अंथरुणात ठेवलं, एक आठवडा दीड तास कमी. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी दिवसाला सरासरी १३४ कॅलरी कमी खाल्ल्या. कोणी त्यांना "कमी खा" म्हटलं नव्हतं. १३४ कॅलरी म्हणजे साधारण चिप्सचं एक लहान पाकीट. अभ्यास लहान आहे, त्यावरून जग जिंकल्याचा आव आणायचा नाही. पण दिशा कळते.

आता तुम्ही म्हणाल, कमी झोपेनं भूक वाढते, तर सकाळी डबा का नाही खात? चांगला प्रश्न आहे. भुकेला स्वतःचं घड्याळ असतं. शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे भूक सकाळी सगळ्यात कमी असते आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त. जो उशिरा झोपतो, त्याचं हे घड्याळ आणखी मागे सरकलेलं असतं. सकाळी सहाला तुम्ही त्याला उठवता, तेव्हा त्याच्या शरीरात अजून रात्रच असते. त्यात रात्री साडेदहाला जेवलेला. अशा वेळी पोळीचा घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. हे पोरगं आठ-नऊपर्यंत कोरडंच राहतं, आणि दुपारी शाळा सुटली की कमी झोपेची सगळी वसुली एकदम होते. फाटकाबाहेर ठेला उभाच असतो.

आमच्या घरचा हिशोब

हे वाचल्यावर मी आमच्या घरचाच हिशोब मांडला. माझा भाचा सातवीत आहे. त्याच्या परवानगीनं सांगतेय, बदल्यात एक प्लेट सांभारवडी ठरलीय.

त्याची व्हॅन सहा वीसला. उठायचं पाच चाळीसला. दादाचं केळीबाग रोडवर दुकान. ते वाढवून घरी यायला त्याला दहा वाजतात. आमच्याकडे पद्धत अशी की दादा आला की सगळ्यांनी सोबत जेवायचं. म्हणजे जेवण सव्वादहाला. मग थोडा टीव्ही, थोडा मोबाईल, आणि झोप साडेअकराला.

साडेअकरा ते पाच चाळीस म्हणजे सहा तास दहा मिनिटं. झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलेला आकडा असा: ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, १३ ते १८ च्या मुलांना ८ ते १० तास. म्हणजे अगदी कमीत कमी नऊ तास धरले, तरी रोज पावणेतीन तासांहून जास्त तूट. शाळेचे सहा दिवस म्हणजे १७ तास. आठवड्याला जवळपास दोन पूर्ण रात्री या पोराच्या खात्यातून कापल्या जात होत्या.

यातलं थोडं दुपारी भरून निघायचं. शाळेतून येऊन चिप्स, मग अर्धवट जेवण, मग अडीच ते साडेचार झोप. उठल्यावर चहा आणि खारी. सातला ट्यूशन. दोन तास झोपलेलं आणि वरून चहा प्यायलेलं पोर रात्री नऊला कसं झोपणार? झोप उशिरा, म्हणून जेवण उशिरा चालतं. जेवण उशिरा, म्हणून सकाळी भूक नाही. सकाळी भूक नाही, म्हणून दुपारी ठेला. ठेल्यावर पोट भरलं, म्हणून घरचं जेवण नको. हे रिंगण कुठूनही सुरू करा, परत तिथंच येतं.

नऊची शाळा, आणि आमचं ऊन

ही गोष्ट फक्त आमच्या घरची असती तर पॉडकास्ट कशाला केला असता! २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात म्हटलं की मुलांची झोप पूर्ण होत नाही, शाळांच्या वेळेचा विचार करा. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारचा निर्णय निघाला: २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. सगळ्या माध्यमांना आणि सगळ्या व्यवस्थापनांना लागू. कारणं देताना बदललेली जीवनशैली आली, रात्री उशिरापर्यंतचा आवाज आला, थंडी-पावसातला सकाळचा प्रवास आला, आणि आईवडिलांची डबा करण्याची ओढाताणही आली. झोप आणि डबा एकाच सरकारी कागदावर आले, हे मला फार आवडलं.

पण दोन अडचणी उरतात.

पहिली, हा निर्णय चौथीपर्यंतचा. पाचवीपासून पुढच्या पोरांचं काय? खरं तर वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआप उशिराकडे सरकतं. चौथीतलं पोर नऊला पेंगतं, आठवीतल्याला साडेदहापर्यंत झोपच येत नाही. तो काही मुद्दाम जागत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नको असं सांगितलं, आणि कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदा लागू झाला. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं आहे. लहानगे नऊला, आणि ज्यांचं घड्याळ उशिरा चालतं ते सातला.

दुसरी अडचण आपली, वैदर्भीय. पुण्यात बसून नऊची शाळा सोपी वाटते. एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी एकला पोरांना शाळेतून घरी आणून दाखवा! २०२५ च्या मार्चअखेरीस शिक्षण विभागानंच उन्हामुळे शाळा सकाळी भरवायला सांगितल्या. प्राथमिक ७ ते सव्वाअकरा, माध्यमिक ७ ते पावणेबारा. ते बरोबरच होतं. पारा ४५ कडे चाललेला असताना झोपेसाठी पोरांना उन्हात काढणं परवडणार नाही.

मग आपल्याकडे सकाळचं टोक बांधलेलं आहे. कधी पाळ्यांमुळे, कधी उन्हामुळे. वर उन्हाळ्यात रात्रीही तापलेल्या. झोप लागायला शरीर आतून थोडं थंड व्हावं लागतं, आणि आमच्या जुन्या घरांच्या भिंती रात्री अकरापर्यंत वाफ सोडत असतात. आपली आजी-आजोबा मंडळी गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकायची, त्यात फार शहाणपण होतं. हलवता येतं ते फक्त दुसरं टोक. संध्याकाळ.

संध्याकाळ किती महत्त्वाची, याचा भारतातलाच एक पुरावा सांगते. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञानं भारतातल्या मुलांच्या झोपेची सूर्यास्ताच्या वेळेशी तुलना केली. देशभर घड्याळ एकच, पण सूर्य पूर्वेला लवकर मावळतो, पश्चिमेला उशिरा. जिथं सूर्य तासभर उशिरा मावळतो, तिथली मुलं साधारण अर्धा तास कमी झोपतात. झोपायला उशीर होतो, पण शाळेची घंटा थांबत नाही. नुसत्या सूर्याच्या उजेडानं एवढं होतं, तर हातातल्या स्क्रीनचं काय सांगायचं? रात्रीचा प्रखर उजेड झोपेचं रसायन, मेलाटोनिन, दाबून ठेवतो. आणि लहान मुलांवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होतो.

आम्ही काय करून पाहिलं

गेल्या उन्हाळी सत्रात आम्ही तीन आठवड्यांचा करार केला. भाच्याचं जेवण साडेसातला, दिवे बंद साडेनऊला. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्धा-पाऊण तासच. संध्याकाळचा चहा बंद. ट्यूशनच्या बाईंना विनंती करून सातची बॅच साडेपाचची करून घेतली.

सगळ्यात मोठा विरोध माझ्या आईचा, म्हणजे त्याच्या आजीचा. "बाप घरी यायच्या आधी लेकरू जेवून राहिलं, असं कुठं असते का?" या वाक्याला हसू नका. दिवसभर दुकानात उभा असलेला बाप पोराला भेटतो तो फक्त त्या जेवणाच्या वेळी. ती वेळ काढून घेतली तर दोघांचंही काहीतरी जातं. साडेनऊला दिवे बंद म्हणजे सोम ते शनी बापलेकाची रात्रीची भेटच नाही.

वहिनीनं तोडगा काढला. बापलेकाचं एकत्र खाणं सकाळवर नेलं. दादा पाच पन्नासला उठायला लागला, कुरकुरत का होईना. दोघं मिळून दूध आणि फोडणीची पोळी, कधी उरलेला वरण-भात परतून. दहा मिनिटं. आणि रविवारी रात्रीचं जेवण पूर्वीसारखं, सगळ्यांनी सोबत.

काय झालं? चमत्कार नाही झाला. पहिले पाच दिवस तो साडेदहापर्यंत छताकडे पाहत पडून राहायचा आणि रोज म्हणायचा, "आत्या, हे काही कामाचं नाही." दुसऱ्या आठवड्यात तो दहाच्या आत झोपायला लागला. सकाळी थोडं खाल्लं जाऊ लागलं, कारण रात्रीच्या जेवणाला दहा तास होऊन गेलेले असायचे. तिसऱ्या आठवड्यात डबा अर्धा संपून यायला लागला, आणि एक दिवस त्यानं वहिनीला म्हटलं, "उद्या एक पोळी जास्त दे." वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे पाहून गेली. बोलली काहीच नाही.

चिप्स बंद झाले का? नाही. आठवड्यातून सहाऐवजी दोनदा. मला तेवढं पुरे आहे.

तुम्ही काय करू शकता

एक. आधी जेवण हलवा, मग झोप. "नऊला झोप" असा हुकूम सोडून झोप येत नाही. जेवणाची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा. जेवण आणि झोप यात दोन तास असू द्या. रात्री हलकं: मुगाची खिचडी, वरण-भात, भाजी-पोळी. उशिरा भूक लागलीच तर कपभर दूध, नाहीतर एक केळं.

दोन. पोराला सकाळी ताटभर खाऊ घालायचा हट्ट सोडा. चार घास पुरतात. डबा मधल्या सुटीच्या भुकेचा विचार करून भरा. थंड झाल्यावरही चांगलं लागेल असं. मुठभर फुटाणे-शेंगदाणे-गूळ, हिवाळ्यात एक संत्रं. आपण नागपूरकर, संत्रं तरी घरात असतंच.

तीन. दुपारनंतर चहा आणि कोला नको. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच सुमारे पाच तास लागतात. शिवाय राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळा, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

चार. शाळेच्या पालकसभेत बोला. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मिठाचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आणि मधली सुटी सव्वादहाऐवजी साडेनऊला घेता येईल का, हेही विचारा. त्याला काही खर्च लागत नाही.

पाच. हे माझ्या-तुमच्यासाठी. महालात, इतवारीत, किती घरं दोन खोल्यांची आहेत! पोरगं ज्या खोलीत झोपतं, त्याच खोलीत आपण बारापर्यंत रील्स पाहतो. इयरफोन घातले की आपल्याला वाटतं, कोणाला त्रास नाही. पण उजेड त्याच्या डोळ्यांवर असतो, आणि आपण हसलो की ते विचारतं, "काय पाहून राहिली, दाखव ना." आत्या जागी, दादा जागा, मग सातवीतल्यानंच का झोपायचं? म्हणून साडेनऊनंतर मी फोन घेऊन गच्चीवर नाहीतर स्वयंपाकघरात जाते. पॉडकास्टवाली बाई तुम्हाला सांगतेय की स्क्रीन बंद करा. ऐकायचंच असेल तर मला अंधारात ऐका!

आता एक सावधगिरी. प्रत्येक भरलेल्या डब्यामागे झोपच असते असं नाही. घरात शिधाच कमी असेल, तर त्या पोराला झोपेचं प्रवचन नको, अन्न हवं. पोर रात्री मोठ्यानं घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, तर टॉन्सिल्स-अ‍ॅडेनॉइड दाखवून घ्या. आणि पुरेशी झोप घेऊनही सतत थकलेलं, फिकट दिसत असेल, हातपाय दुखतात म्हणत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा आणि विदर्भात राहता म्हणून सिकलसेलचीही तपासणी करा. मेयो, मेडिकलसारख्या सरकारी दवाखान्यात ती होते. त्या पोराला "आळशी" म्हणण्याआधी एवढं आपलं कर्तव्य आहे.

आज रात्री घरच्या सगळ्यांच्या सवयी बदलायच्या नाहीत. फक्त एक काम करा. घरातलं शाळकरी पोर किती वाजता जेवलं आणि किती वाजता झोपलं, हे एका कागदावर लिहा. सात दिवस लिहा. आणि बाजूला लिहा, डबा किती संपला. आठव्या दिवशी तो कागद भिंतीला लावा आणि घरातल्या मोठ्यांना बोलवा. मग बघू या, नखरे कोणाचे होते ते.

तुमच्या घरचे आकडे मला नक्की पाठवा, शक्य तितकी उत्तरं देईन. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, आणि वेळेत झोपा!